मठाचे घर झालेली वास्तू कशी वाचावी

इंग्लंडच्या ग्रामीण भागात काही खाजगी निवासांच्या नावात आजही ‘ॲबी’, म्हणजे मठ, हा शब्द टिकून आहे. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४१ या काळात मठ बरखास्त केले, त्यांची मालमत्ता राजाकडे गेली आणि तिचा बराच भाग दरबाराशी संबंधित लोकांनी विकत घेऊन तिथे घरे थाटली. अशी वास्तू पाहताना दर्शनी भागापाशी रेंगाळू नये. आधी ओवऱ्यांचा चौक शोधावा.

कारण मठाची सारी मांडणी या चौकाभोवती असे. सामान्यतः एका बाजूला चर्च, त्याच्या समोरच्या बाजूला भोजनगृह, आणि पूर्वेला सभेची खोली व तिच्यावर शयनगृह. चौक सापडला की यातले काय नाहीसे झाले ते उमगते, आणि ते बहुधा चर्चच असते. विल्टशायरमधील लेकॉक येथे विल्यम शॅरिंग्टनने संन्यासिनींच्या मठाचे चर्च पाडले, पण ओवऱ्या आणि सभेची खोली तशीच ठेवून राहण्याची दालने मुख्यतः वरच्या मजल्यावर केली. त्यामुळे तिथे तळमजला सावकाश पाहावा; मूळ मठ अजून तिथेच आहे. चर्चची उत्तरेकडील भिंत आता घराची दक्षिणेकडील बाह्य भिंत झाली आहे, हे समजून तिच्यासमोर उभे राहिले की पायाखालच्या हिरवळीचा अर्थच बदलतो.

डेव्हनमधील बकलंड येथे मात्र उलट घडले. रिचर्ड ग्रेनव्हिलने चर्चच घर म्हणून वापरले आणि उंच मध्यदालनात मजले घातले. म्हणून इथे चर्चचा मनोरा घराच्या माथ्यावर दिसतो, आणि दालनातील गिलाव्यावर १५७६ हे वर्ष कोरलेले आहे. अशा घरात बुजवलेल्या कमानी, मजल्याने मधोमध छेदलेली खिडकी आणि पाडलेल्या छपराच्या उताराची भिंतीवरील खूण शोधावी. तिरप्या उन्हात चिऱ्यांमधले सांधे अधिक स्पष्ट दिसतात.

टोकदार कमान दिसली म्हणून ती मठाचीच मानण्याची घाई मात्र करू नये. लेकॉकचे भव्य दालन मध्ययुगीन वाटते, पण ते अठराव्या शतकाच्या मध्यावर गॉथिक शैलीच्या आवडीतून बांधलेले आहे. कमानीची रेघ मजल्याशी किंवा शेजारच्या भिंतीशी जुळत नसेल, तर ती जुनी असण्याचा संभव अधिक. सगळेच नीट जुळलेले असेल, तर बांधकामाचे वर्ष आधी विचारावे.