मांडवीचा गढूळपणा मोजताना आधी कुपी पुसा

जुलैत पणजी-बेती फेरीच्या धक्क्यावरून मांडवी नदीचं पाणी भरलं की बाटलीत लालसर चहा दिसतो. तो किती गढूळ, हे टर्बिडिटी मीटर सांगतो. नमुना भरलेल्या काचेच्या छोट्या कुपीत प्रकाश सोडायचा आणि कणांवर आपटून ९० अंशांत वळलेला प्रकाश मोजायचा. गढूळपणाचं एकक एनटीयू (नेफेलोमेट्रिक टर्बिडिटी युनिट). मीटर फॉर्मेझिनच्या, म्हणजे ठरावीक गढूळपणाच्या प्रमाण द्रावणांवर जुळवून घेतलेला आहे, असं धरून चालतो. नमुना घ्या, लेबल लावा, शक्यतो त्याच दिवशी मोजा.

आता कुपी. हिच्यापायी माझा अख्खा पावसाळा वाया गेला. फ्रीजमधली बाटली काढायची, कुपी भरायची, आकडा टिपायचा, तर आकडा आपला चढतच जायचा. मीटरला शिव्या घातल्या, दिवासुद्धा बदलला. घोळ दवाचा होता! पावसाळ्यातल्या दमट हवेत गार काचेवर बाहेरून दव धरतं, आतून कोमट होत जाणाऱ्या पाण्यातली हवा सुटून बारीक बुडबुडे चिकटतात, आणि मीटरला बुडबुडा काय नि गाळ काय, सगळं सारखंच. म्हणून बंद बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत हात लावू नका. मग कुपी तंतू न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, शर्टाच्या टोकाने नव्हे. त्याने काचेवर ओरखडे पडतात आणि तेही मोजले जातात. कुपीवरची खूण दर वेळी त्याच जागी बसवा.

‘बाटली जोरात हलवा’ असं जो सांगेल त्याचं ऐकू नका. एक तर हवा मिसळते. दुसरं, भरतीच्या खाऱ्या पाण्यात चिखलाचे कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात. हिसक्याने त्या फुटतात आणि आकडा बदलतो. बाटली सावकाश चार-पाच वेळा उलटी-सुलटी करा, लगेच भरा, गाळ बसायच्या आत वाचा.

आकडा मीटरच्या पल्ल्याबाहेर गेला तर त्याच पाण्याचा गाळलेला भाग घालून पातळ करा. डिस्टिल्ड वॉटर घातलंत तर खारेपणाच बदलतो.

एनटीयू म्हणजे मिलिग्रॅम नव्हे. लिटरमागे गाळ किती, हे हवं असेल तर काही नमुने ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, वाळवून, तोलून एनटीयू आणि मिलिग्रॅमचा आपल्या नदीपुरता मेळ आपणच बसवायचा. वाळवण्याआधी फिल्टर डिस्टिल्ड वॉटरने धुवा, नाहीतर मीठच तोलत बसाल.