तयार कपाटांना सागवानी शटर बसवताय? या चुका टाळा

२०१८ मध्ये हैदराबादला आयकिया या फर्निचर कंपनीचं दुकान सुरू झालं आणि नांदेड-लातूरकडच्या लोकांना सुट्या फळ्यांची, घरी जोडायची कपाटं आणायची सोय झाली. संभाजीनगर-जालन्याकडचे काही जण नवी मुंबईचं आयकिया गाठतात, बाकीचे ऑनलाइन मागवतात. बॉक्स, म्हणजे कपाटाचा सांगाडा, जोडून होतो, उभा राहतो, आणि ते पांढरं गुळगुळीत शटर, म्हणजे कपाटाचं दार, बघून घरातलं कुणीतरी म्हणतंच, "दवाखान्यासारखं दिसतंय." मग बॉक्स तसाच ठेवून शटर तेवढं लाकडाचं करायचं ठरतं.

कल्पना चांगली आहे. अडचण एवढीच की बॉक्स असतो भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा, मिलिमीटरवर कापलेला आणि वर्षभर जवळपास तेवढाच राहणारा. लाकूड मात्र हवेबरोबर फुगतं आणि आकसतं. पुढच्या बहुतेक तक्रारी या दोघांचं जमत नाही म्हणून येतात.

माप सुतात देणं

आपला मिस्त्री इंच-सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला जरा कमी. ६०० मिमी हे माप २३ इंच ५ सुतांवर नेमकं बसतं, त्यामुळे सुरुवातीला सगळं जुळल्यासारखं वाटतं. पण ६४० मिमी म्हणजे २५ इंच आणि दीड सुताच्या जरा वर. मिस्त्री कागदावर "२५ इंच २ सूत" लिहितो आणि शटर सव्वा मिलिमीटरहून जास्त मोठं होतं. दोन शटरांमधली फट मुळात ३ मिमीची, त्यातली निम्मी इथेच गेली. वर पॉलिशचा थर चढतो तो वेगळा.

मिस्त्रीला माप मिलिमीटरमध्येच लिहून द्या आणि टेपही मिलिमीटरचा द्या. कंपनीचं शटर घेतलेलं असेल तर तेच नमुना म्हणून त्याच्या हातात ठेवा, यासारखं खात्रीचं दुसरं काही नाही. नसेल तर बॉक्सच्या बाहेरच्या मापातून ३ मिमी वजा करा: ६०० × ६४० च्या बॉक्सला ५९७ × ६३७ चं शटर.

आणि माप घ्यायच्या आधी बॉक्स त्याच्या जागेवर, लेव्हलमध्ये उभा हवा. आपल्याकडे शहाबादी फरशी वर-खाली असते, शिवाय धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून दाराकडे उतार दिलेला असतो. बॉक्सचा एक पाय दोन मिलिमीटर खाली गेला की चौकोन तिरका होतो आणि सगळे शटरला नावं ठेवत बसतात. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच पुढे जा, नाहीतर आधी पायाखाली पट्टी द्या.

अख्ख्या फळीचं शटर करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जुना वाडा उतरवताना माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, तुळया निघालेल्या असतात, किंवा किनवटकडचं सागवान ओळखीतून मिळालेलं असतं. मग प्लाय कशाला, अख्ख्या फळ्या जोडून शटर करू, असा आग्रह होतो.

सागवान इतर लाकडांच्या मानानं खूप शहाणं आहे, हे खरं. तरीही फळ्या जोडून केलेलं ६० सेंटिमीटर रुंदीचं शटर मे महिन्यातल्या कोरड्या हवेपासून भादव्यापर्यंत तीन-चार मिलिमीटर सहज रुंदावतं. लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेनं, ते जवळपास हलत नाही. जे काही होतं ते रेषांना आडवं होतं. म्हणजे ३ मिमीची फट पावसाळ्यात संपली आणि शटर शेजारच्या शटरला घासायला लागलं.

यात कुलरची भर. पत्र्याच्या शेडमध्ये ४२ अंशात खडखडीत वाळलेलं शटर आणून तुम्ही हॉलमध्ये लावता, तिथे दिवसभर कुलर ओली हवा फेकत असतो. पावसाची वाट न बघता ते मे महिन्यातच फुगतं. म्हणून कापलेल्या फळ्या दोन-तीन आठवडे त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवा. मग रंधा मारा.

अख्खं लाकूड हवंच असेल तर चौकट करा आणि मधली फळी खोबणीत सुटी ठेवा. तिला फेविकॉल लावायचा नाही. मिस्त्रीचा हात सवयीनं बाटलीकडे जातोच, तेव्हा समोर उभे राहा. फळीला दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर जागा मिळाली की ती आतल्या आत हलते आणि बाहेरची चौकट तेवढीच राहते. एका बॉक्सला ६० ऐवजी तीस-तीस सेंटिमीटरची दोन शटरं केली तरी प्रत्येकाचं फुगणं निम्म्यावर येतं.

माझं मत विचाराल तर १८ मिमी प्लायला सागवानी वेनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि कडेला सागवानी पट्टी. दिसायला लाकूडच आणि डोक्याला ताप नाही. फक्त वेनिअर दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूला लावलं की शटरला बाक येतो आणि कोपरा बॉक्सपासून कायमचा सुटा राहतो.

पॉलिशलाही तोच नियम. "दादा, आतून कोण बघतंय?" असं म्हणत आतल्या बाजूला एक पातळ हात मारून काम संपवतात. आतून कुणी बघत नाही, पण दमट हवा त्याच बाजूनं आत शिरते. पुढच्या बाजूला जितके हात, तितकेच मागच्या बाजूला आणि चारही कडांना.

जुनं लाकूड वापरणार असाल तर आऱ्यावर नेण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. सागवान तेलकट असतं, म्हणून जोड चिकटवण्याच्या अगदी आधी ती बाजू थिनरनं पुसून घ्या, नाहीतर जोड वर्षभरात उघडतो.

बिजागरीचं भोक अंदाजानं मारणं

कपाच्या बिजागरीला, म्हणजे जिची गोल वाटी शटरच्या आतल्या बाजूला बसते तिला, ३५ मिमीचं भोक लागतं, साधारण १२ ते १३ मिमी खोल. १८ मिमी जाडीत मागे जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लाकूड उरतं. ड्रिलच्या बिटचं मधलं टोक भोकाच्या तळाहूनही पुढे जातं, आणि मशीन जरा दाबली गेली की पुढच्या, पॉलिश केलेल्या बाजूवर बारीक टिकली उमटते. ती लपवता येत नाही. बिटला टेपचा तुकडा गुंडाळून खोलीची खूण करा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर एक भोक मारून बघा. भोकाची कड आणि शटरची कड यांत ३ ते ६ मिमी अंतर असतं. नमुन्याच्या शटरवर जेवढं असेल तेवढंच ठेवा.

बिजागरी बॉक्सबरोबर येणारीच वापरा. दुकानात झिरो, आठ आणि सोळा क्रँक अशा मिळतात: झिरो म्हणजे शटर बाजूची फळी पूर्ण झाकणार, आठ म्हणजे एकाच मधल्या फळीवर दोन शटरं, सोळा म्हणजे शटर बॉक्सच्या आत. चुकीची आणली की स्क्रू कितीही फिरवा, शटर जागेवर येत नाही. शिवाय बॉक्समधली भोकं आधीच पाडलेली असतात, त्यांच्याशी बाजारातल्या बिजागरीची प्लेट जुळेलच असं नाही.

एक इंची फळीचा मोह टाळा. बहुतेक बिजागऱ्या २२ मिमीच्या आसपासपर्यंतच्या जाडीसाठी केलेल्या असतात. २५ मिमीचं शटर उघडताना त्याची कड शेजारच्या शटरवर आपटते.

वजन विसरणं

६० × ६४ सेंटिमीटरचं १८ मिमी सागवानी शटर साडेचार किलोच्या आसपास भरतं, त्याला दोन बिजागऱ्या पुरतात. १९२ सेंटिमीटरचं उंच शटर तेरा किलोच्या पुढे जातं, त्याला चार लागतात. एवढं वजन उघडल्यावर पुढे लोंबतं, म्हणून बॉक्स भिंतीला बांधणं ऐच्छिक नाही. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगायला नको, आणि हिंगोली-नांदेडकडे २०२४ मध्येही धक्के बसलेच. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचा प्लास्टिकचा गिट्टा धरत नाही. तिथे आधी आडवी लाकडी पट्टी पक्की करा आणि बॉक्स तिला कसा.

ड्रॉवरचं काम सोपं आहे. नवा दर्शनी तुकडा आधी दुहेरी टेपनं चिकटवा, फट बघा आणि मग आतून स्क्रू मारा. १२ मिमीचा ड्रॉवर आणि १८ मिमीचा तुकडा मिळून ३० मिमी होतात. सव्वा इंची स्क्रू पलीकडे डोकावतो, एक इंचीच घ्या.

बसवल्यावर बिनसलं तर

शटर पावसाळ्यात घासतंय म्हणून लगेच रंधा मारू नका. आधी बिजागरीचा बाजूचा स्क्रू फिरवून एक-दीड मिलिमीटर मिळतो का बघा. श्रावणात रंधा मारलेल्या शटरला उन्हाळ्यात बोटभर फट दिसते. दिवाळीनंतरही घासत असेल तरच हात लावा, आणि उघड्या पडलेल्या कडेला त्याच दिवशी पॉलिश करा.

शटर खाली झुकलं असेल तर वरच्या बिजागरीची प्लेट ढिली झालीय का ते पाहा. बोर्डात स्क्रू नुसताच फिरत असेल तर मोठा स्क्रू ठोकून काही होत नाही, भुसा आणखी मोकळा होतो. भोक ८ मिमीचं करा, पण बिटला खूण करून, बोर्ड आरपार जाणार नाही एवढंच खोल. त्यात फेविकॉल लावून लाकडी खुंटी बसवा, एक रात्र वाळू द्या आणि सकाळी तिच्यात बारीक बिटनं नवं भोक पाडून जुनाच स्क्रू हातानं आवळा. मशीननं नको.