पुढची चाकं पुढे, मागची मागे

बेल्टने चाकं फिरवणाऱ्या रिमोट-कंट्रोल गाडीत खडे अडकून वैताग आला, म्हणून शाफ्ट-ड्राइव्हची (बेल्टऐवजी लांब दांड्याने चाकं फिरवणारी) नवी १/१० मापाची टूरिंग चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, घेतली. दोन रात्री जागून जोडली. थ्रॉटल दिला तर गाडी जागच्या जागी थरथरायला लागली! पहिला संशय ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट). वायरी तपासल्या, रेडिओ पुन्हा कॅलिब्रेट केला, फरक शून्य. शेवटी चॅसिस डब्यावर टेकवून चाकं अधांतरी फिरवली, तेव्हा दिसलं: पुढची चाकं पुढे, मागची मागे.

चूक माझीच. शाफ्ट एकाच दिशेने फिरतो, पण पुढच्या डिफला (डिफरन्शियल: डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअर-संच) तो मागून भिडतो आणि मागच्याला पुढून. म्हणून एका डिफचा मोठा गिअर डावीकडे असेल, तर दुसऱ्याचा उजवीकडे हवा. मी दोन्ही डावीकडे बसवले होते. (पत्रकातलं चित्र बघायला काय झालं होतं, हे घरच्यांनी विचारलंच.)

मागचा गिअरबॉक्स उघडून डिफ फिरवून बसवलं. गाडी पळाली, पण करकर राहिली. बेव्हल गिअरचे (शाफ्टला डिफशी काटकोनात जोडणारे तिरपे गिअर) दात सैल भिडत होते. ०.१ मिमीची एक शिम (पातळ चकती) पलीकडच्या बाजूची काढून मोठ्या गिअरच्या पाठीमागे घातली. चाक हाताने फिरवून बघायचं: अडकायला नको, खुळखुळायलाही नको. मोटरचा पिनियन (छोटा गिअर) आणि त्याला भिडणारा गिअर यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून स्क्रू आवळले, मग पट्टी ओढून काढली. आवाज गेला. एकदम थ्रॉटल दिला की गाडी किंचित एका अंगाला झुकते, तो मात्र शाफ्टचा स्वभावच.