उबुंटू लिनक्स २२.०४ वरून २४.०४ वर गेलात आणि बिल्ड तुटलं, तर

साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सिरियल पोर्टवरून वजन वाचणारा भाग सी++ मध्ये आहे, पावत्या आणि रोजचे अहवाल पायथॉनमध्ये. अपग्रेड गळीत हंगाम संपल्यावरच करायचं, हा माझा नियम. काट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना एरर शोधत बसणं कुणालाच परवडत नाही.

बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याचं काम, तुटलं की कोडला हात लावू नका. आधी जुनं बिल्ड फोल्डर पूर्ण उडवा आणि सीमेक (बिल्डची तयारी करणारं अवजार) नव्याने चालवा. सीमेक आपल्या कॅशमध्ये जुने पत्ते धरून ठेवतो. २२.०४ वर बूस्ट ही सी++ लायब्ररी १.७४ होती, २४.०४ वर १.८३ आहे, आणि कॅश अजून १.७४ चंच फोल्डर शोधत असते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तरीही एरर आली, तर प्रत्यक्ष बिल्ड करणाऱ्या मेकला एका वेळी एकच काम द्या, सगळं आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि त्यातली पहिली एरर वाचा. खालच्या शंभर ओळी बहुतेक वेळा तिच्याच पोटातून आलेल्या असतात.

'यूइंट८_टी' हा टाइपच माहीत नाही असं कंपायलर म्हणत असेल, तर कारण २४.०४ वरचा कंपायलर जीसीसी १३ आहे. पूर्वी 'स्ट्रिंग'सारखी हेडर्स (कोडमध्ये जोडायच्या घोषणांच्या फाइल्स) हा टाइप देणारं 'सीएसटीडीइंट' हेडर आपोआप आत ओढायची, आता ओढत नाहीत. ज्या फाइलमध्ये तो टाइप वापरलाय, तिथे ते हेडर स्वतः इन्क्लूड करा. खात्री हवी असेल तर जुना जीसीसी ११ शेजारी बसवून तीच फाइल कंपाइल करून पाहा. तिथे ती चालली, तर दोष कंपायलरच्या कडकपणात सापडला. पण कायमचं जुन्यावर राहू नका.

लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडणाऱ्या अवजाराला) लायब्ररी सापडत नसेल, तर तिचं डेव्ह पॅकेज, म्हणजे बिल्डसाठी लागणाऱ्या फाइल्सचं पॅकेज, आहे का ते बघा. अपग्रेड करताना उबुंटू बाहेरचे पॅकेज-स्रोत बंद करतं, ते नव्या आवृत्तीसाठी पुन्हा चालू करावे लागतात. नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) देण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो कृपा करून ऐकू नका. एरर जाते, पण आतली रचना बदललेली असेल तर प्रोग्रॅम चालता चालता कोसळतो किंवा गुपचूप चुकीचा आकडा देतो. वजनाच्या आकड्यावर शेतकऱ्याचं बिल ठरतं.

पायथॉन ३.१० चं ३.१२ झालंय, म्हणून जुनं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळी ठेवणारं फोल्डर) दुरुस्त करण्यापेक्षा नवं बनवा. ३.१२ मधून पॅकेजेस बनवायला-बसवायला लागणारं 'डिस्टयूटिल्स' काढून टाकलंय. ते मागणारी पॅकेजेस नव्या आवृत्तीवर न्या. ते जमत नसेल, तर एन्व्हायर्न्मेंटमध्ये त्याची जागा घेणारं 'सेटअपटूल्स' टाका. सिस्टमच्या पायथॉनमध्ये पिप (पायथॉनची पॅकेजेस बसवणारं अवजार) आता थेट इन्स्टॉल करू देत नाही. तो अडसर जबरदस्तीने तोडू नका, कारण उबुंटूची स्वतःची अवजारं त्याच पायथॉनवर चालतात.

सगळं बिल्ड झालं, तरी ती बायनरी, म्हणजे तयार प्रोग्रॅमची फाइल, २२.०४ च्या मशीनवर तशीच नेऊ नका. तिथे जीलिबसी (बहुतेक प्रोग्रॅम ज्यावर चालतात ती सी लायब्ररी) २.३५ आहे, तुमच्याकडे २.३९. 'जीलिबसी २.३८ सापडलं नाही' अशी एरर देऊन ती सुरूच होणार नाही, असं होऊ शकतं. काही कारखान्यांत जुनी मशीन्स राहणारच, त्यांच्यासाठी २२.०४ च्या कंटेनरमध्ये (तुमच्याच मशीनवर वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या २२.०४ मध्ये) वेगळं बिल्ड काढा.