साचा इंची: बी भाजायची, तेल तापवायचं नाही

साचा इंची ही तेलबियांची वेल. तिची बी आणि त्या बीचं तेल यांना एकच नियम लावला की नुकसान होतं. बी उष्णता दिल्याशिवाय खायची नाही. तेल मात्र चुलीवर चढवायचं नाही. हे का, ते कळलं की बाकीचं सगळं सोपं आहे.

ही वेल मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली. पेरू देशाच्या सान मार्तीन भागात ती फार पूर्वीपासून खाण्यात आहे. केचुआ भाषेत ‘साचा’ म्हणजे रानातला आणि ‘इंची’ म्हणजे भुईमूग. प्रत्यक्षात भुईमुगाशी तिचं नातं नाही. ती एरंडाच्या कुळातली आहे. तिची बोंडं चांदणीच्या आकाराची असतात. त्यांना बहुधा चार-पाच पाकळ्या, कधी सातपर्यंत, आणि दर पाकळीत एक चपटी, गडद तपकिरी बी. बोंड वेलीवरच काळपट होऊन सुकू द्यावं. हिरवं तोडलं तर बी भरत नाही, आणि ओल राहिली तर साठवणीत बुरशी धरते.

बीच्या टरफलाआतल्या गरात निम्म्याच्या आसपास तेल आणि साधारण २५ ते ३० टक्के प्रथिनं असतात. तेलात ४५ ते ५० टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३, सुमारे ३५ टक्के ओमेगा-६ आणि जेमतेम १० टक्क्यांच्या आत ओमेगा-९ असतं. खाद्यतेलांत ओमेगा-६ पेक्षा ओमेगा-३ जास्त असणं दुर्मीळ; जवसासारखी मोजकी तेलंच तशी. सोबत गॅमा आणि डेल्टा टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाची रूपं, भरपूर असतात. ती या नाजूक तेलाला खवट होण्यापासून काही काळ आवरून धरतात.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. हे ओमेगा-३ म्हणजे माशाच्या तेलातली इपीए किंवा डीएचए ही ओमेगा-३ आम्लं नव्हेत. शरीर त्याचं इपीएत थोडंसंच रूपांतर करतं आणि डीएचएत तर अगदी नगण्य. म्हणून माशाच्या तेलाला तंतोतंत पर्याय म्हणून ते घेऊ नये. अल्फा-लिनोलेनिक आम्लाची रोजची गरज प्रौढ पुरुषाला सुमारे १.६ ग्रॅम, स्त्रीला १.१ ग्रॅम धरतात. या तेलाच्या एका लहान चमच्यात (५ मिली) ते दोन ग्रॅमच्या आसपास मिळतं. भाजलेल्या १० ग्रॅम गरातूनही जवळपास तेवढंच.

बी फोडणे आणि भाजणे

कच्च्या बियांत आणि पानांत अल्कलॉइड, सॅपोनिन आणि लेक्टिनसारखे घटक असतात. चव तुरट-कडवट लागते, घशाला खवखव सुटते. भाजल्यावर किंवा उकळल्यावर त्यांचं प्रमाण बरंच उतरतं. म्हणून कच्ची बी चवीपुरतीही नको, आणि ‘ताज्या पानांचा रस’ तर मुळीच नको.

बी आधी खडखडीत वाळलेली हवी. हलवली की आतला गर वाजला पाहिजे. दमट बीचं टरफल वाकतं, फुटत नाही, आणि गर चेंगरतो. अडकित्त्यासारख्या साधनात बी आडवी न ठेवता कडेवर उभी धरा आणि हलका दाब द्या. वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा टरफलातच जातो, तेव्हा एक किलो बियांतून साधारण ६५० ग्रॅम गर धरावा. काळा पडलेला, आक्रसलेला किंवा कुबट वासाचा गर बाजूला काढा. असे दोन-चार दाणे सगळी भाजणी बिघडवतात.

ओव्हन १५० अंश सेल्सिअसला आधी तापवून घ्या. गर एका थरात पसरा, १० ते १२ मिनिटं भाजा, मध्ये एकदा हलवा. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १५ मिनिटं लागतात आणि हात थांबवून चालत नाही. हस्तिदंती रंग फिकट सोनेरी झाला आणि हिरवट, कच्च्या शेंगेसारखा वास जाऊन खमंग वास सुटला की एक दाणा मोडून बघा. आत-बाहेर रंग सारखा हवा. भांड्यातून लगेच थंड ताटात काढा; निम्मं तेल असलेला दाणा उष्णता धरून ठेवतो आणि आच बंद केल्यावरही भाजत राहतो. दाणा गडद होऊन पृष्ठभागावर तेल चमकू लागलं तर भाजणी पुढे गेली. तो कडू लागतो आणि लवकर खवटतो. कुरकुरीतपणा गार झाल्यावरच येतो, त्यामुळे गरम दाणा मऊ लागला म्हणून आणखी भाजू नका.

ॲमेझॉनच्या घरांत बिया मीठ घालून उकडूनही खातात. मिरचीसोबत वाटून ‘इंची कुचो’ करतात. कोंबडी, मका आणि युका (ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद) घातलेल्या ‘इंचिकापी’ सुपात भुईमुगाच्या जागी हे वाटण चालतं.

तेल आणि पेंड

तेल न भाजलेल्या गरातून कमी तापमानाला गाळतात. कच्च्या गरातले त्रासदायक घटक बहुतांशी पेंडीत मागे राहतात, म्हणून हे तेल चालतं. त्याच कारणाने कच्च्या गरापासून निघालेली पेंड मात्र भाजल्याशिवाय वापरू नये. ६५० ग्रॅम गरातून लहान स्क्रू-प्रेसवर साधारण पाव लिटर तेल निघेल. घाणा फार तापला तर तेलाला जळका वास येतो. तेल एक-दोन दिवस निवळू द्या, वरचं स्वच्छ तेल गडद काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा. बाटलीत मोकळी हवा जितकी जास्त, तितकं तेल लवकर बिघडतं. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि दीड महिन्यात संपवा. रंगाच्या डब्यासारखा किंवा वॉर्निशसारखा वास आला की तेल टाकून द्यावं. हे नाजूक तेल उष्णतेने बिघडतं, म्हणून तळणी, फोडणी यांत ते कधीच नको. पदार्थ आचेवरून उतरल्यावर वरून घाला किंवा कोशिंबिरीत मिसळा.

जवसाच्या तेलासारखंच हे सुकणारं, म्हणजे हवा लागून घट्ट होणारं, तेल आहे. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. मोकळ्या पसरून वाळवा.

तेल काढलेल्या पेंडीत निम्म्याहून अधिक प्रथिनं असू शकतात. भाजून दळल्यावर कणकेत दहा टक्क्यांपर्यंत मिसळली तर चव बिघडत नाही. त्यापुढे रानटी वास पुढे येतो. दळताना तोंडावर मास्क हवा. या बियांच्या धुळीने कारखान्यातल्या कामगाराला दमा आणि नाक-डोळ्यांची ॲलर्जी झाल्याची वैद्यकीय नोंद आहे.

तेलाची सुरुवात अर्ध्या चमच्याने, जेवणासोबत करा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रौढांना रोज १० किंवा १५ मिली तेल चार महिने दिलं, तेव्हा सुरुवातीला मळमळ ही सर्वांत जास्त आढळलेली तक्रार होती. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सुक्यामेव्याची किंवा तेलबियांची ॲलर्जी असलेल्यांनी पहिला दाणाही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच खावा.