‘काम चालू शे’

जळगावच्या एमआयडीसीत ठिबकचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनिअरिंगचा विभाग सांभाळतो. ‘आता आपण अजाइल’, म्हणजे काम छोट्या टप्प्यांत करून दाखवत जायचं, असं वरून फर्मान आलं तेव्हा आम्ही अकरा जण होतो. फर्मवेअरवाले (कंट्रोलरच्या आतला प्रोग्रॅम लिहिणारे), सर्किटवाले, मोल्डचे दोघं आणि ॲपची दोन पोरं. तुमच्याकडेही असं फर्मान आलं असेल तर आधी आमचं काय फसलं ते ऐका.

स्क्रम ही अजाइलची एक पद्धत. तिचं ‘स्क्रम गाइड’ रोजच्या बैठकीला १५ मिनिटं देतं, आमची पाऊण तास चालायची. साहेब समोर उभे, त्यामुळे जो तो त्यांच्याकडे बघून कालचा हिशोब द्यायचा. थोडक्यात, हजेरी. धुळ्याकडचा आमचा सर्किटवाला महिनाभर एकच वाक्य बोलत होता, “काम चालू शे.” सगळे हसायचे, पण तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातात पाच कामं होती आणि पाचही खरोखर चालूच होती.

कामांच्या चिठ्ठ्या लावायच्या बोर्डावर ‘चालू’च्या रकान्यात माणशी दोनच चिठ्ठ्या, हा नियम आम्ही तेव्हा घातला. कल्पना आमची नाही, टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबान या चिठ्ठ्यांच्या पद्धतीतून आलेली. नियम सोपा, पाळणं अवघड. तिसरं काम घ्यायचं नाही म्हणजे कधी कधी हात रिकामे, आणि आपल्याकडे रिकामा बसलेला माणूस कामचुकार ठरतो. मग ठरलं, हात मोकळा झाला की शेजाऱ्याचं अडलेलं काम सोडवायला बसायचं. साहेबांना रोजच्या बैठकीऐवजी दर दुसऱ्या शुक्रवारी झालेलं काम बघायला बोलवायला लागलो. त्यांना हे पटायला वेळ लागला, आणि सांगायला मला त्याहून जास्त.

दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे ठरलेलं काम संपवायचे टप्पे, फर्मवेअर आणि ॲपला जमले. सर्किटला नाही. पीसीबी, म्हणजे सर्किटची पाटी, बाहेरून बनून यायलाच तीन आठवडे लागतात, त्याला स्प्रिंट काय करणार? २००१ साली युटामध्ये १७ जणांनी लिहिलेल्या अजाइलच्या जाहीरनाम्याच्या नावातच ‘सॉफ्टवेअर’ आहे, हे आम्ही विसरलो होतो. सर्किट आणि मोल्डचे स्प्रिंट बंद केले, फक्त चिठ्ठ्यांचा बोर्ड ठेवला. पोलादात मोल्ड कोरला की बदल महागात पडतो, म्हणून कंट्रोलरची डबी आधी थ्रीडी प्रिंट करून हाताळायची. फर्मवेअरवाले तोवर जुन्या सर्किट बोर्डावर काम करतात.

स्टोरी पॉइंट, म्हणजे काम किती मोठं याचे अंदाजाचे आकडे, विभागाबाहेर सांगू नका. ‘मागच्या वेळी तीस होते, आता चोवीस का?’ हा प्रश्न येतोच.

आम्हाला खरं वळण लागलं ते रावेरकडच्या एका केळीच्या बागेत. एका शुक्रवारी अर्धवट कंट्रोलर तिथेच नेला, साहेबही आले. ॲपची पोरं मोबाइलवर पाण्याचे रंगीत आलेख दाखवत होती. शेतकरी दादांनी शांतपणे पाहिलं आणि विचारलं, “भाऊ, रातची लाइट गेली अन् परत आली, तर याले आठवते का कोणता वॉल्व्ह उघडा होता?”

आठवत नव्हतं. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री, हे आम्हाला काय नवीन होतं? तरी या कामाची चिठ्ठी बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, पार तळाशी पडलेली. सोमवारी साहेबांनी स्वतः ती काढून सगळ्यात वर लावली. आलेख खाली गेले म्हणून ॲपची पोरं दोन दिवस तोंड फुगवून होती.