गुरूची कुंडली मांडताना या चुका टाळा

फोंड्यात शाळांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी, गुरू ग्रह कुठे आणि कसा जन्मला यावरचे मुलांचे तक्ते तपासताना एक वाक्य मी दर वर्षी खोडते: 'गुरूवर पाणी कमी आहे, म्हणजे तो कोरड्या जागी जन्मला.'

हा गोंधळ 7 डिसेंबर 1995 चा. गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी त्या दिवशी गुरूच्या ढगांत शिरली, तासभर मोजमाप करत राहिली आणि तिला अपेक्षेपेक्षा फारच कमी पाणी मिळालं. पण ती पडली होती नेमकी कोरडी हवा खाली उतरत असलेल्या, जवळपास ढग नसलेल्या पट्ट्यात. जानेवारीत पणजीला उतरून 'गोव्यात पाऊस नाही' म्हणण्यातला हा प्रकार! पुढे जुनो यानाच्या मोजणीत, 2020 साली, विषुववृत्ताजवळ दर हजार रेणूंत अडीचेक रेणू पाण्याचे निघाले, कुपीला मिळाले त्याहून बरेच जास्त. तेव्हा आकड्याशेजारी तो कुठे आणि किती खोल मोजला, तेही लिहा.

दुसरा घोळ निऑन वायूचा. सूर्याच्या मानाने गुरूच्या वरच्या हवेत तो जेमतेम दहावा हिस्सा आहे. जन्मतःच कमी मिळाला? तसं नाही. आत प्रचंड दाबाखाली हेलियमचे थेंब होऊन खाली झरतात आणि निऑन त्यांत विरघळून जातो. वरची हवा म्हणजे अख्खा ग्रह नव्हे.

मिथेन, म्हणजे ज्या वायूवरून या ग्रहांवरचा कार्बन मोजतात, त्यावरून मुलं हमखास फसतात. हायड्रोजनच्या तुलनेत गुरूवर कार्बनचं प्रमाण सूर्याच्या चौपट, शनीवर नऊपट, युरेनस-नेपच्यूनवर कित्येक दहापट. म्हणून नेपच्यूनने कार्बन जास्त गिळला का? सोलकढी आठवा. कोकमाचं आगळ तेवढंच घालून नारळाचा रस कमी केला तर ती आंबटच होणार. गुरू 318 पृथ्वींएवढा, नेपच्यून फक्त 17. बर्फ-खडकात मिसळायला त्याला हायड्रोजन-हेलियमच थोडा मिळाला.

आणि कार्बन-ऑक्सिजनच्या गुणोत्तराला थेट जन्मस्थळ समजू नका. सूर्यापासून लांब जाताना आधी पाणी गोठतं, मग कार्बन डायऑक्साइड, बऱ्याच पुढे कार्बन मोनॉक्साइड. त्यामुळे उरलेल्या वायूत कार्बनचं पारडं जड होतं खरं, पण ग्रह वायूबरोबर बर्फही गिळतो, वाढता वाढता जागा बदलतो, आणि ज्यातून ग्रह बनतात ती सूर्याभोवतीची वायू-धुळीची चकती थंडावली की गोठण्याच्या सीमाही सरकतात. एकाच गुणोत्तराचे दोन-तीन पत्ते निघतात. सोबत गंधक, नायट्रोजन, आर्गॉन बघा. आर्गॉन तर फारच कडाक्याच्या थंडीत गोठतो, तरी गुरूवर त्याचं प्रमाण सूर्याच्या अडीचपट आहे. मग गुरू आणखी लांब, थंडीत जन्मला असेल का? यंदा एका मुलीने तक्त्यावर गुरूच्या जन्मस्थळाचे दोन बाण काढून मध्ये प्रश्नचिन्ह टाकलं होतं. ते मी खोडलं नाही.